साडभाऊंचा कान

दुर्ग-भिलाईपासून रायपूरपर्यंत जुनी मशीन विकायला काढलेला एकही माणूस असा सापडणार नाही, ज्याने आमच्या साडूंना मनातल्या मनात शिव्या घातल्या नाहीत. आणि असाही एक सापडणार नाही, ज्याने त्यांना दोन-दोनदा चहा पाजला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, राहणार रायपूरच्या तात्यापाऱ्यात. ते मला साडभाऊ म्हणतात, मीही त्यांना साडभाऊच म्हणतो, आणि आमच्या बायका आम्हा दोघांना मिळून काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मशीन म्हटल्यावर घरात ब्लाउज-परकर शिवतात ती डोळ्यांसमोर आणू नका. तिला आमचे साडू मशीन म्हणतच नाहीत, ‘पेटी’ म्हणतात. त्यांची मशीन म्हणजे कातडं आणि रेक्झिन शिवणारी, कारखान्यातली, चौघांनी उचलली तरी एकाची कंबर धरणारच अशी. तिच्यावर रिक्षांचे हुड होतात, मोटारसायकलच्या सीटा होतात, सोफे होतात, दप्तरं होतात. नवी कोरी घेणं साध्या कारागिराच्या आवाक्यातलं नाही, म्हणून सगळे जुनी शोधतात. आणि जुनीची गंमत अशी, की विकणाऱ्याच्या दारात ती गुणाची असते आणि आपल्या दारात आली की नखरे सुरू करते. साडूंनी तात्यापाऱ्यात तीस वर्षं सीट कव्हरांचं दुकान चालवलं. गुडघे गेले तेव्हा दुकान बंद केलं आणि दुसऱ्यांना चांगली मशीन शोधून द्यायचं खूळ डोक्यात घेतलं. दलाली? छे! दलालीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. वर पदरचं पेट्रोल जाळायचे. पदरचं म्हणजे माझ्या पदरचं, कारण स्कूटर माझी होती. मी सरकारी कचेरीतून रिटायर झालेला, शंकर नगरात राहणारा, तसा रिकामाच. पण रिकाम्या माणसाला झोपेचा हक्क असतो की नाही?

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी. तीत टॉर्च, सुयांची पुडी, तेलाची बाटली आणि रेक्झिनचे, पट्ट्याच्या कातड्याचे तुकडे. माझ्या पुतणीच्या लग्नात, दुर्गला, पंगत बसली होती. वाढपी जिलबी घेऊन आला, आणि त्याच्याशी बोलता बोलता यांना कळलं की त्याच्या मेहुण्याचं बॅगांचं दुकान बंद पडलंय. झालं! भरल्या ताटावरून उठले. “चाला साडभाऊ.” मी म्हटलं, “अहो, जिलबी!” म्हणाले, “जिलबी उद्या बी भेटते. मशीन संध्याकाळपर्यंत कबाडी घेऊन जाते.” मी मुलीचा सख्खा काका, आणि ऐन लग्नातून दोन तास बेपत्ता! वहिनी त्यानंतर वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. बरं, एवढं करून मशीन यांनी नापास केली ती केलीच.

नापास करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ताज्या रंगाची मशीन बघायची नाही. “रंग कोणी काहून लावते? लपवाले लावते.” नखाने पोपडा खरवडून पाहायचे आणि विकणारा ‘अंकल, अंकल’ करत मागे धावायचा. दिवसा मशीन बघायची नाही, कारण चालून चालून ती गरम झालेली असते, आणि गरम मशीन कोणाशीही गोड बोलते. बघायची ती पहाटे, थंडगार असताना. दुकानदार तोंडात ब्रश घेऊन दार उघडतो तो समोर ओट्यावर हे आणि पेंगणारा मी. आधी मोटरवर तळहात ठेवायचे. कोमट लागली की पिशवी खांद्याला. “आपण येणार म्हणून आधीच चालवून ठेवली यानं.” विषय खलास. स्वतःच्या मुलीचं स्थळ या गृहस्थाने बशीतले पोहे संपायच्या आत पसंत केलं होतं. बिलासपूरच्या एका बॅगवाल्याला मात्र मशीनसाठी सात महिने झुलवलं. तो बिचारा शेवटी म्हणाला, “चाचाजी, शादी करा दो मेरी, मशीन रहने दो.”

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कान. मोटर बंद ठेवायची, उजव्या बाजूचं चाक हाताने सावकाश फिरवायचं, आणि मशीनच्या अंगाला कान लावून डोळे मिटायचे. सुई खाली जाताना ऐकायचं, वर येताना ऐकायचं, मग मोटर लावून पुन्हा ऐकायचं. सुईखाली एक शटल असतं, खालचा दोरा त्यातून येतो. सुई आणि शटल यांची भेट केसाइतकी चुकली तरी ते त्यांना ऐकू यायचं. कोणी दूरगावाहून मशीनचा फोटो पाठवला तर फोटोकडे ढुंकून बघायचे नाहीत. फोन लावायचा आणि सांगायचं, “भैया, फोन मशीन के पास रखो और चलाओ.” मग दहा दहा मिनिटं नुसती घरघर ऐकत बसायचे, जणू पलीकडे कोणी गातंय. ताई, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायची, “अजी, भाजी थंडी होऊन राहिली!” हे हातानेच तिला गप्प करायचे. एकदा राजनांदगावच्या मशीनचं फोनवरूनच सांगितलं, की हिचा मागचा एक स्क्रू बदललेला आहे. विकणाऱ्याने उघडून पाहिलं आणि तिकडूनच हात जोडले.

मी एकदा, फक्त एकदा, उत्साहाच्या भरात म्हणून गेलो, “आवाज तर छान आहे हिचा.” त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, “साडभाऊ, तुमी चहा प्या.” तेव्हापासून मी चहाच पीत आलो. मशीनबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, खूप वाटतं, कारण हा कान त्यांना सोडून गेला, आणि तो जाताना मी शेजारीच उभा होतो.

आता मागे वळून पाहिलं की सगळं दिसतं. फोन आला की तो ताईच्या हातात द्यायला लागले, “तू बोल, मले काम आहे.” काम काही नसायचं. टीव्हीचा आवाज एवढा, की शेजारच्यांनी आपला टीव्ही लावणं बंद केलं. “आजकालचे पोट्टे तोंडातल्या तोंडात बोलून राहिले,” ही तक्रार रोजची. आणि मशीनी? मशीनी म्हणे सुधारल्या. “आता नव्या मोटरा आल्या साडभाऊ, आवाजच नाही करत.” नव्या मोटरा खरोखरच आवाज कमी करतात, त्यामुळे आम्ही सगळे माना डोलवत राहिलो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणसाचे कान जातात, ही काय ब्रह्मविद्या आहे? पण त्यांचे कान जातील असं आम्हा कोणालाच सुचलं नाही. तो कान आम्ही म्हातारा धरलाच नव्हता.

त्याच दिवसांत कुंदा आली. पुरानी बस्तीत तिच्या नवऱ्याचं रिक्षांचे हुड शिवायचं दुकान. त्याला लकवा झाला, उजवा हात लुळा पडला. ही पुलगावकडची पोरगी, लग्नाआधी सुईदेखील नीट धरत नसेल, ती नवऱ्याच्या सांगण्यावरून कापायला शिकली, शिवायला शिकली. आणि हात बसतो न बसतो तोच दुकानातल्या जुन्या मशीनला तडा गेला. पावसाळ्याआधी हुड हवेत म्हणून रिक्षावाले दारात. ती साडूंच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, “काकाजी, मले एकदाच घेता येते. ही फसली तर दुकान गेलं समजा.” साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी पाहून देतो नं बेटा. काहून चिंता करतं?”

त्यांनी तिच्यासाठी चार मशीनी नापास केल्या. मला तेव्हा त्यांचा अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू. पाचवी शहराबाहेर, उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत सापडली. बॅगांचा एक छोटा कारखाना बंद पडला होता, मालकाच्या मुलाने सामान विकायला काढलं होतं. पहाटे मी साडूंना स्कूटरवर घेऊन गेलो, कुंदा मागून ओळखीच्या रिक्षाने आली. मोटर थंड होती. रंग जुना होता. साडूंनी रेक्झिनच्या चार घड्या करून सुईजवळच्या दाबपट्टीखाली धरल्या, टाके सरळ पडले, खालून पाहिले, तिथेही सरळ. मग कान लावला आणि चाक फिरवलं.

आणि मला ऐकू आलं. कट. प्रत्येक फेऱ्याला खालून एक बारीक, कोरडा कट. मोटर लावली तशी त्याची कटकट झाली. मी कुंदाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तो पोरगा तर बोलायलाच लागला होता, “अंकल, थोड़ा नीचे से आवाज़ है, उसका दाम में...” तेवढ्यात साडूंनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असं समाधान की काय सांगू! म्हणाले, “शांत. एकदम शांत. अशी शांत मशीन मी दहा वर्षांत नाही पायली.” पोराने उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं. कुंदाने हात जोडले. आणि मी? मी मनाशी म्हटलं, एवढ्या मोठ्या जाणकाराला शांत वाटते तर असाच आवाज असत असेल. आपण चहा प्यावा. तिघांच्या कानांत कटकट वाजत होती आणि तिघांनी चौथ्याच्या बहिऱ्या कानावर विश्वास ठेवला. मूर्खपणा म्हणा, आदर म्हणा, दोन्ही एकच होतं.

मशीन पुरानी बस्तीत गेली. कोणाला मशीन दिली की महिन्याने जाऊन तिची विचारपूस करायची, ही साडूंची रीत. मध्ये ताईने दोनदा फोन करून विचारलं, तर कुंदा म्हणाली, “बढिया चालून राहिली, काकाजीले सांगा.” महिना भरला तसे आम्ही गेलो. दुपार होती. दुकानाच्या आत नवरा खाटेवर बसला होता, आणि जमिनीवर मांडीवर भलामोठा हुड घेऊन कुंदा आरीने भोकं पाडून हाताने शिवत होती. मेण लावलेला दोरा ओढून ओढून तिची बोटं चिरली होती, दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मशीनवर जुनी चादर टाकलेली.

साडूंनी चादर काढली. चाक फिरवायला गेले, ते फिरेचना. वाकून टॉर्च मारला. सुई शटलवर आदळून शटलचं टोक तुटलं होतं आणि सगळं आत अडकून बसलं होतं. नवव्या दिवशीच झालं होतं ते. मिस्त्री सांगून गेला होता की खालचा दांडा आधीपासूनच झिजलेला, आणि या जुन्या जातीचा सुटा भाग आता मिळत नाही. नऊ दिवस मशीन चालली, तीन आठवडे ही बाई हाताने हुड शिवत होती, आणि आम्हाला सांगत होती, बढिया चालून राहिली.

“असं कसं झालं?” साडू म्हणाले. “मी ऐकली होती नं. काहीच आवाज नव्हता.”

कुंदा मान खाली घालून म्हणाली, “आवाज तर पहिल्याच दिवशी होता काकाजी.”

“काय?”

“आवाज होता. तुमी शांत म्हणाले, म्हणून मले वाटलं असाच असते.”

“काय म्हंते ही? जरा मोठ्यानं बोल नं बेटा.”

ती रडायला लागली. नवरा खाटेवरून काहीतरी म्हणाला, तेही त्यांना कळलं नाही. ते एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला त्या क्षणी सगळं लख्ख समजलं. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि ओरडलो. अहो, गल्लीतली माणसं थांबली एवढ्याने ओरडलो. “आवाज होता, साडभाऊ! पहिल्यापासून होता! मी बी ऐकला!”

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी चादर परत मशीनवर ओढली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, “मग बोलले काहून नाही?”

मी काय सांगणार होतो? तुम्हीच चहा प्या म्हणाला होतात, हे सांगू? हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला नाही. ताईकडून कळलं ते असं. दुकान बंद करताना साडूंनी सगळं विकलं होतं, एक मशीन तेवढी ठेवली होती, ज्या मशीनवर तीस वर्षं काम केलं ती. मागच्या खोलीत असायची. मागायला कितीजण येऊन गेले, हे कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. ती त्यांनी टेम्पोत घालून पुरानी बस्तीत नेली. कुंदा नको नको म्हणत होती, तर तिला म्हणाले, “हिले ऐकाची गरज नाही मले. हिचं सारं मले पाठ आहे.” बिघडलेली ती उरल्याची मशीन परत आणून तिच्या जागी ठेवली. ताई म्हणाली, “लोखंड तेवढंच आहे जी घरात, पण हे रोज सकाळी त्या खोलीत जायचे, ते आता जात नाहीत.”

मुलगी आणि जावई आले, कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, यंत्र बसवलं. माणसांचं बोलणं आता बऱ्यापैकी समजतं. पण मशीनपाशी गेले की सगळ्यांचा एकच आवाज, डब्यात खडे हलवल्यासारखा. चांगली कोणती, दुखरी कोणती, काही फरक नाही. तळहात ठेवून पाहिला म्हणतात. पण हाताला मशीन हलते एवढंच समजतं, कुठे दुखते ते समजत नाही. लोकांचे फोन अजून येतात. एकदा मी म्हटलं, मी जाऊन ऐकून येतो, तुम्हाला येऊन सांगतो. त्यांनी विचारलं, “आवाज कसा सांगाल?” मी तोंडाने कट कट करून दाखवलं. ते हसले. फार दिवसांनी हसले, पण गेलो नाही आम्ही कुठेच. पिशवीतल्या सुया त्यांनी कुंदाला देऊन टाकल्या, आणि विकणाऱ्या सगळ्या पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्यांचं सोडा, मलाच करमत नाही. पहाटे साडेचारला जाग येते आणि वाटतं, आता स्कूटर काढावी लागणार. कोणी बोलवत नाही.

सोमवारी मात्र मी त्यांना कुंदाकडे नेतो. हुडांचं काम बरं चाललंय, नवऱ्याने डाव्या हाताने दोरे कापायला सुरुवात केली आहे. साडू स्टुलावर बसतात. कुंदा चहा देते आणि शिवायला बसते. परवा अशीच ती शिवत होती. साडूंनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, डोळे मिटले आणि मला म्हणाले, “सांगा साडभाऊ. कशी चालून राहिली?”

मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी मशीन नीट ऐकली. इतक्या हळू आवाजात चालत होती की तिच्याखाली दोरा रेक्झिनमधून सरकल्याचं ऐकू येत होतं. आणि ते त्यांना सांगायचं तर बोंबलण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. पुरानी बस्तीच्या त्या अरुंद गल्लीत, भर दुपारी, मी सगळ्या ताकदीने ओरडलो, “शांत आहे! काही आवाज नाही! एकदम शांत!” समोरचा पानवाला टपरीतून डोकावला. एक कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

साडूंनी डोळे उघडले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते कुंदाच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने मशीन थांबवली, त्यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, “हव, काकाजी,” आणि मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.